गल्लीची मालिका आणि टोकाच्या काकू

सांगलीहून आलेलं एक पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘मी गावभागात राहते. लग्नाला चौदा वर्षं झाली. आमची गल्ली म्हणजे बोळच आहे, समोरासमोर दारं. भिशीच्या बायकांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. रात्री जेवणं उरकली, मालिका संपली की मी त्यावर दोन-तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकायचे. “आपल्या गल्लीच्या मालिकेत आज काय घडलं” अशी सुरुवात. कुणाची मोटर, कुणाची गाडी, कोण कुणाशी बोलेना. प्रत्येकाला एकेक पात्र दिलेलं. बोळाच्या टोकाला राहणाऱ्या काकू खलनायिका. त्यांचं नाव आलं की मी तोंडानं ढँऽऽ ढँऽऽ करून म्युझिक द्यायचे. बायका हसून हसून दमायच्या. एखाद्या दिवशी मेसेज पडला नाही तर फोन यायचे.

आषाढात काकूंची सून दोन बॅगा घेऊन माहेरी मिरजेला गेली. रडत रिक्षात बसली. काकू दारात उभ्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत. मी खिडकीतून बघितलं आणि रात्री “सुनेला काढलं घराबाहेर, महाएपिसोड” म्हणून टाकलं. कुणीतरी ते पुढं पाठवलं आणि फिरत फिरत सुनेच्या आईपर्यंत गेलं. नंतर कळलं, तिला दिवस गेलेत आणि डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. तीन महिने व्हायच्या आत सांगायचं नाही म्हणून घरचे गप्प होते. काकूंनी माझा मेसेज स्वतः ऐकला. भांडल्या नाहीत, काही नाहीत. फक्त आमच्या दाराकडे बघायचं बंद केलं. विरजणाला वाटी यायची, तीही बंद.

मी खोटं एक अक्षर बोलले नव्हते. जे दिसलं तेच सांगितलं. तशा काकू वाईट नाहीत, २०१९ च्या पुरात त्यांच्या माडीवर आमच्यासकट चार घरं होती. मिस्टर म्हणतात, ग्रुप सोड आणि गप्प बस, आपोआप निवळेल. गल्लीतली पोरं आणि माझी दहा वर्षांची मुलगी काकूंना मालिकेतल्या त्या बाईच्या नावानं हाक मारतात, तेही थांबेना. गौरी तोंडावर आल्यात. हळदीकुंकवाला मुलीला पाठवून बोलावू का? माफी मागायला गेले तर त्या गल्लीत तमाशा करतील का? का मालिका बघणंच सोडू?’

प्रिय ताई,

तुमच्या प्रश्नांकडे येतेच. पण आधी त्या एका वाक्याबद्दल बोलायचंय, कारण सगळं तिथंच अडलंय. ‘खोटं एक अक्षर बोलले नव्हते.’

बॅगा दोन होत्या, हे खरं. सून रडत होती, हे खरं. काकू दारात गप्प उभ्या होत्या, तेही खरं. पण ‘घराबाहेर काढलं’ हे तुम्ही बघितलेलं नाही. ते तुम्ही घातलंत. आणि घालताना तुम्हाला थांबून विचारही करावा लागला नाही, कारण अशा दृश्याचा अर्थ आपल्या मनात आधीच तयार असतो. रिक्षा, बॅगा, रडणारी सून, उंबऱ्यात सासू. शेकडो भागांत आपण ते बघितलंय आणि दर वेळी त्याचा अर्थ एकच निघालाय.

आता तेच दृश्य काकूंच्या बाजूनं बघा. घरात पहिली आनंदाची बातमी आली आणि तिच्या पाठोपाठ डॉक्टरांची ताकीद. दवाखान्यांसाठी अख्खा जिल्हा मिरजेला जातो, सुनेचं माहेरही तिथंच, म्हणून तिला तिकडं ठेवायचं ठरलं. पोर घाबरून रडतेय. त्या बाईनं दारात उभं राहून काय बोलावं? ‘जप गं’ एवढं म्हटलं असतं तरी समोरच्या चार खिडक्यांना कळलं असतं. म्हणून त्या गप्प राहिल्या. त्यांच्या त्या गप्प राहण्याला तुम्ही पार्श्वसंगीत दिलंत.

हे मी कठोरपणे लिहितेय, मला कल्पना आहे. तुम्ही दुष्ट आहात असं मला अजिबात वाटत नाही. तुमच्यासारखं सांगता येणारी माणसं मला फार जवळची वाटतात. शिवाय तुम्ही सांगलीच्या. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ तुमच्याच गावात उभं केलं आणि मराठी नाटकाची सुरुवात तिथून मोजली जाते. माणसाचा आवाज पकडणं, त्याची चाल दाखवणं, ऐकणाऱ्याला पुढं काय म्हणून धरून ठेवणं ही तुमच्या गावची जुनी विद्या आहे, आणि ती तुमच्याकडे आहे.

मालिकांनाही मी नावं ठेवणार नाही. त्यांनी घराघरांत एक मोठं काम केलंय, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही. स्वतःच्या सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, जावेबद्दल जे उघड बोलता येत नव्हतं, ते बायका मालिकेतल्या बाईच्या आडोशानं बोलायला लागल्या. ‘तिनं असं ऐकून घ्यायला नको होतं’ असं सून टीव्हीकडे बघत म्हणते आणि शेजारी बसलेल्या सासूला ते बरोबर पोहोचतं. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ला सुरू झाली आणि अकरा वर्षं चालली, भाग तीन हजारांच्या पुढं गेले. तेवढ्या काळात कितीतरी घरांत या आडोशानं बोलणी झाली असतील. त्याच्या आधी, १९८४ साली दूरदर्शनवर ‘हम लोग’ आली तेव्हा लोक त्यातल्या पात्रांना पत्रं लिहायचे, जणू ती शेजारच्या गल्लीतच राहतात. पुढं आपल्या भागाची बोलीही पडद्यावर आली. ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरची, ‘लागिरं झालं जी’ साताऱ्याची. आपल्यासारखंच बोलणारी माणसं तिथं दिसायला लागल्यावर आपली गल्ली मालिकेसारखी वाटणं अगदी साहजिक आहे. इतपत तुमचं काहीच चुकलेलं नाही.

पण ‘हम लोग’च्या प्रेक्षकांनी पात्रांना शेजारी मानलं, आणि तुम्ही शेजारणीला पात्र केलंत. पात्राला कान नसतात. काकूंना आहेत.

मालिका चालते कशी, ते जरा बघू. आठवड्याचे बहुतेक दिवस, रोज अर्ध्या तासाची वेळ, जाहिराती वजा करता वीस-बावीस मिनिटांची गोष्ट. दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात आणि त्यावर पुढचं ठरतं. अशा वेळी लिहिणाऱ्यापुढं सर्वांत मोठं काम कोणतं असतं? गैरसमज मिटू न देणं. दोन माणसं समोरासमोर बसली, एकानं सरळ विचारलं, दुसऱ्यानं सरळ सांगितलं, तर तीन महिन्यांचं कथानक पाच मिनिटांत संपेल. म्हणून तिथं नेमक्या वेळी फोन लागत नाही, चिठ्ठी भलत्याच्या हाती पडते, दाराआडून अर्धंच वाक्य ऐकू येतं. आणि एका माणसाला कायमचं असं ठेवावं लागतं, ज्याची बाजू कधीच कुणी विचारत नाही. त्याला विचारलं की मालिका अडते.

तुमच्या गल्लीत ती जागा तुम्ही काकूंना दिलीत.

तुमच्या शेजारच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’ तुम्हाला ठाऊक असेलच. एका तसबिरीवरून फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो, ती त्याच्यावर घेते, अश्विनशेठ आणि रेवती त्यात ओढले जातात. पण देवलांनी सगळ्यांना समोरासमोर आणलं आणि एका रात्रीच्या प्रयोगात गुंता सोडवून माणसं घरी पाठवली. नाटकाला पडदा पाडायचा असतो. रोजच्या मालिकेला तो पडू द्यायचा नसतो, आणि तुमचा मेसेजही रोजचाच होता.

एक उदाहरण तुमच्याच पत्रातलं. मूळ पत्रात तुम्ही मोटरच्या भांडणाबद्दल बरंच लिहिलंय, ते इथं गाळलं. सकाळी पाणी आलं की काकू बोळभर ओरडत फिरतात, ‘मोटर बंद करा, मोटर बंद करा’. त्यावर तुमचे किमान चार-पाच भाग झाले म्हणता. पण त्यांचं घर बोळाच्या टोकाला आहे. महापालिकेच्या लाईनला आधीच्या घरांनी थेट मोटर लावली की पाणी वरच्या वर ओढलं जातं आणि शेवटच्या नळाला नुसती हवा येते. ज्या घरात पाणीच पोहोचत नाही त्या घरातली बाई ओरडणार नाही तर काय करणार? ही गोष्ट टोकाच्या घरातून सांगितली असती तर खलनायक मोटर लावणारी घरं ठरली असती. तुमच्याकडे मोटर आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर माफीच्या आधी ती बंद करा. हे मी अगदी मनापासून सांगतेय.

आणि पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागात तेव्हा काय झालं हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांत चार घरांची माणसं काकूंच्या माडीवर होती. अन्न, संडास, पिण्याचं पाणी, म्हातारी माणसं, लहान पोरं, सगळं त्या एका माडीवर. तुम्ही ते पत्रात एका ओळीत उरकलंत. इतके महिने रोज रात्री भाग केलेत, त्यात या माडीचा एकही नव्हता. मी दोष देत नाही. चांगुलपणात पुढच्या भागासाठी ओढ नसते, म्हणून तो सांगायचा राहून जातो. पण काकूंनी तुमचा मेसेज ऐकला तेव्हा त्यांना ती माडी आठवली नसेल असं तुम्हाला वाटतं का?

आता काय करायचं ते.

आपोआप निवळणार नाही. तुमच्या मिस्टरांना भांडण नको आहे हे समजतं, पण गप्प बसलात तर काकू त्याचा अर्थ लावणारच, आणि तो तुमच्या बाजूचा नसेल. तुम्ही स्वतः जा. चोर गणपती, म्हणजे चतुर्थीच्या आधी गुपचूप बसतो तो, बसायच्या आत जा, म्हणजे सणाच्या गडबडीत आणि पाहुण्यांसमोर हे होणार नाही. दुपारी चारच्या सुमारास, गल्ली निवांत असताना. एकट्या जा. मुलीला नेऊ नका, मैत्रिणीला नेऊ नका, हातात काही नेऊ नका. मिठाईचा पुडा हातात असला की समोरच्या माणसाला तो घ्यायचा की नाही हा आणखी एक पेच पडतो. आणि हळदीकुंकवाचं बोलावणं त्या भेटीत अजिबात करू नका. बोलावणं सोबत आलं की माफी कशासाठी मागितली ते कळेनासं होतं.

बोलायचं थोडं. ‘काकू, मी तुमच्याबद्दल आणि सूनबाईंबद्दल जे बोलले ते वाईट होतं. काही माहीत नसताना मी त्याचा अर्थ लावला आणि लोकांना हसवलं. त्या आधीही तुमच्यावर बोलत होते. ते सगळं मी बंद केलंय. माफ करा.’ एवढंच. ‘कुणीतरी फॉरवर्ड केलं’ हे म्हणू नका. फॉरवर्ड दुसऱ्यानं केलं, पण आवाज तुमचा होता. ‘मस्करीत म्हणाले’ म्हणू नका. ‘तुम्ही मनावर घेतलंत’ तर मुळीच नको. सुनेची तब्येत विचारू नका, आज तरी तो तुमचा हक्क नाही. काकूंनी आपणहून सांगितलं तर ऐका. रडू आलं तर आवरा, नाहीतर त्यांनाच तुमची समजूत काढत बसावं लागेल.

मग गप्प राहा आणि त्यांना बोलू द्या. कदाचित त्या फार वेळ बोलतील. मोटरबद्दल, पोरांच्या हाकांबद्दल, तुम्हाला आठवतही नसलेल्या दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या गोष्टीबद्दल. काही चुकीचं बोलल्या तरी मधे दुरुस्त करू नका. इतके दिवस तुम्ही सांगत होतात आणि त्यांचा फक्त आवाज काढला जात होता. आता त्यांना सांगू दे.

तमाशा करतील का, असं विचारलंत. ज्या बाईनं स्वतःबद्दलचा असा मेसेज ऐकूनही दारात येऊन भांडण केलं नाही, ती आता कशाला करेल? ही भीती काकूंची नाही हो, तुम्ही रंगवलेल्या पात्राची आहे. आणि समजा आवाज चढलाच, तर चढू दे. तेवढं ऐकून घेणं तुमच्याकडे लागतंच. दार लावून घेतलं तर ‘बरं काकू’ म्हणून परत या. रोज जाऊन दार वाजवू नका. एकदा सांगितलंत, ते त्यांना पोहोचलं.

सुनेचं वेगळं आहे. खरा घाव तिला बसलाय. आधीच जीव मुठीत धरून पडून असलेली मुलगी, आणि तिच्या आईच्या फोनवर तिच्या सासरची अशी चर्चा. सासर आणि माहेर, त्या दोन घरांत यावरून काय बोलणं झालं असेल, कोण जाणे. तिला तुम्ही आत्ता फोन करू नका. तिला शांतता हवी आहे. काकूंना एवढंच विचारा की ‘सूनबाईंच्या आईंना मी स्वतः फोन करून सांगू का, की ते सगळं माझ्या मनचं होतं?’ त्या हो म्हणाल्या तर त्याच दिवशी करा. नको म्हणाल्या तर नको. हा फोन तुम्हाला सगळ्यात जड जाईल आणि बहुधा सगळ्यात उपयोगी पडेल.

ग्रुप सोडू नका. तुम्ही निघून गेलात तर पहिले दोन दिवस तुमच्या जाण्याचीच चर्चा होईल. एक मेसेज टाका, तुमच्याच आवाजात: ‘मी गल्लीतल्या माणसांवर जे मेसेज करत होते ते चुकीचे होते. त्यातून एका घराला त्रास झालाय. कुणाकडे असतील तर डिलीट करा, पुढं पाठवू नका. मी आता ते करणार नाही.’ कुणाचं नाव नको, काय झालं त्याचा तपशील नको, फॉरवर्ड कुणी केलं याचा शोध नको. काकूंकडे जाऊन आल्यावर तिथं काय झालं हे ग्रुपवर एका शब्दानंही येता कामा नये. बायका विचारतील, ‘काय म्हणाल्या गं?’ तुमच्या जिभेवर ते अगदी तयार असेल, आवाजासकट. तिथं थांबणं ही तुमची खरी परीक्षा. तो माफीचा भाग झाला तर माफी फुकट गेली.

मुलीचं सांगते. तिला ओढून नेऊन सगळ्यांसमोर ‘सॉरी म्हण’ करू नका. दहा वर्षांच्या पोरीला ते टोचत राहील आणि काकूंनाही अवघड होईल. तिनं ते नाव घरात ऐकलं, म्हणून घेतलं. घरात सगळ्यांनी ‘काकू’ म्हणायला लागा, जेवताना, फोनवर, त्या समोर नसतानाही. आणि तिला सरळ सांगा, ‘मी त्यांना ते नाव द्यायला नको होतं. मी आता म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस.’ पुराची ती माडीही तिला सांगा. तेव्हा ती फारच लहान होती, तिला आठवत नसणार. कुणाच्या घरात झोपलो होतो, काय खाल्लं होतं, सगळं नीट सांगा. तुम्हाला सांगता छान येतंच. गल्लीतल्या बाकीच्या पोरांपर्यंत ते तिच्याकडून पोहोचेल.

हळदीकुंकवाचं बोलावणं नंतर, दरवर्षी करता तेव्हा आणि तसंच, स्वतः त्यांच्या दारात जाऊन करा. मुलीला पाठवू नका. त्या आल्या तर इतरांसारखंच त्यांचं करा, जास्त आग्रह नको. नाही आल्या तर मागून ओटी पाठवून त्यांना कोंडीत पकडू नका. यंदा नाही तर पुढच्या वर्षी. घरात बाळ आलेलं असेल तेव्हा.

आणि तुमची ती सांगण्याची हौस. ती मारू नका, मला मनापासून वाईट वाटेल. बायका रोज रात्री तुमची वाट बघत होत्या, यावरून तुमच्यात काय आहे ते कळतं. फक्त माणसं तुमची स्वतःची बनवा, कुणाच्या दारातून उचलू नका. सांगलीत अजूनही हौशी नाटकवाल्यांची तालीम चालते, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन होतो, गणपतीत मंडळांचे कार्यक्रम असतात. एखादी छोटी एकांकिका लिहा. बायकांना त्यात कामं द्या. त्यात टोकाच्या घरात पाणी न येणारी एक बाई असू दे आणि तिला भरपूर वाक्यं द्या. पण काकूंना विचारल्याशिवाय ती बाई त्यांच्यासारखी करू नका.

मालिका बघणं सोडू का, हा शेवटचा प्रश्न. नका सोडू, बघा. बायकांशी त्यावर बोला, त्यातल्या सासूला हवं ते म्हणा, तिचं म्युझिकही तोंडानं द्या. ग्रुपवरचा मेसेज मात्र आज रात्रीच, आणि काकूंकडे उद्या चारला.